रेणुकाच्या वर्दीचं माप

फौजी माणसाचा शर्ट दुरुस्तीला आला की मी आधी त्याचे खिसे उलटे करतो. चोरी नव्हे हो, सवय. खिशाच्या तळाशी, शिवणीच्या कोपऱ्यात, धुऊनधुऊनही न गेलेलं काहीतरी अडकलेलं असतं. एकदा पिवळी रेती निघाली, तळहातावर घेतली तर पिठासारखी मऊ. एकदा सुईसारखी बारीक वाळलेली पानं निघाली. शर्टाचा धनी म्हणाला, "देवदार हाय मास्तर, वर लई थंडीत असतंय." मी काही मुलूख फिरलेला माणूस नाही. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं, मशीन थांबलं, की त्या पानांचा वास घेतो आणि बसल्या जागी बर्फात जाऊन येतो. चहावाला हाका मारतो तेव्हा परत येतो.

माझं दुकान मांजरसुंब्याच्या चौकाजवळ, घाट चढून आलेल्या गाड्या जिथं दम खातात तिथं. समोर ढाबे, बाजूला टायरवाला, आणि मधे मी, मेहबूब मास्तर. वय सहासष्ट. डोळे अजून शाबूत, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो. पोलीस, होमगार्ड, सुट्टीवर आलेले फौजी, सगळ्यांच्या वर्द्या माझ्याकडे येतात. शिवून झालेल्या वर्द्या दोरीवर टांगलेल्या असतात. दुपारी रस्त्यावरचं वारं आत आलं की त्या हळूहळू हलतात, आणि मला वाटतं, माणसं उभी आहेत, फक्त ती दिसत नाहीत.

एका मासिकाच्या संपादकसाहेबांनी फोनवर सांगितलं, वर्दीविषयी लिहा, शौर्याचं काही असलं तर बरं. मी म्हणालो, साहेब, शौर्य आतल्या माणसाचं, माझं काम काजाबटणापर्यंत. पण फोन ठेवला आणि डोळ्यांपुढे ज्या वर्द्या आल्या त्या सगळ्या बायकांच्या. पुरुषांच्या इतक्या शिवल्या, त्यातली एकही धड आठवेना. बायकांच्या थोड्याच, पण त्या एकेक टाक्यासकट आठवल्या. आणि त्यातली एक मी स्वतःच्या हातानं बिघडवलेली. तीच सांगायची आहे. पण जरा मागून यावं लागेल.

आधी वर्दी म्हणजे काय ते ऐका. साधा शर्ट माणसाला आराम पडावा म्हणून शिवतात. वर्दी शिवायची ती माणूस ताठ उभा आहे असं डोळ्यांपुढे धरून. खांद्याची शिवण बरोबर हाडाच्या टोकावर आली पाहिजे, बोटभरही इकडंतिकडं नाही. बाही शर्टाला जिथं जोडतात त्या गोलाईला आम्ही मुंढा म्हणतो. कॉलर वाकडी झाली तर लोक फार तर हसतील. मुंढा चुकला तर हातच वर जात नाही, आणि ज्या वर्दीत हात वर जात नाही ती सलामीच्या काय कामाची?

बायकांची पहिली वर्दी मी पाहिली ती साडी होती. खरंच सांगतोय. तेव्हा मी वडिलांच्या हाताखाली बीडच्या दुकानात बसायचो, नुकतं माझं लग्न ठरलं होतं, अंगात मस्ती होती. एक निवृत्त टीचरबाई आमच्याकडे यायच्या, ख्रिश्चन, एकट्याच राहायच्या. एक दिवस त्यांनी पिशवीतून खाकी साडी काढली. जाड सुती, घड्यांवर विरलेली. म्हणाल्या, "हिच्यावर ब्लाऊज शिवायचाय. जुना उंदरांनी खाल्ला."

मी आपला शहाणा. विचारलं, "बाई, मिस्टर पोलिसात होते का?"

"मिस्टर कुणाचे? माझं लग्न झालेलं नाही. मीच होते पलटणीत. इंग्रजांच्या वेळी, मोठ्या लढाईत, पुण्याला, टेलिफोनवर."

वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घालून काजं करू लागलो. बाई मात्र स्टुलावर बसून बोलत राहिल्या. म्हणाल्या, गोऱ्या मडमेनं विचारलं होतं, झगा घालणार की साडी नेसणार? त्यांनी साडी मागितली. मग खाकी साडी, खाकी ब्लाऊज, पायात बूट. "सगळी लढाई माझ्या कानातून गेली," त्या म्हणाल्या, "कुठून कुठून आवाज यायचे. मी तार जोडायची आणि सोडून द्यायची. डोळ्यांनी एक गोळी पाहिली नाही." ती साडी त्यांनी नेसलेली मी एकदाच बघितली. पंधरा ऑगस्टला, शाळेच्या मैदानावर, सगळ्यांत मागं भिंतीला लागून. झेंडा वर गेला तसा बाईंचा हात कपाळाशी गेला. आजूबाजूची माणसं हसली. मी हसलो नाही, एवढं तरी बरं केलं.

पुढं मी एका छावणीत दर्जीकामाला राहिलो. पलटणीला दर्जी लागतोच. तो फौजी नसतो, पण त्याच्यावाचून फौजेचं पान हलत नाही, असं आमचे उस्ताद म्हणायचे. उस्ताद पक्के हैदराबादी, तोंडात पान, मिशीला मेंदी. एक दिवस बातमी आली की आता बायकाही अफसर होऊन येणार. डॉक्टरणी आणि नर्सा फौजेत आधीपासून होत्याच, पण ह्या जवानांना हुकूम देणार. उस्तादांना घाम फुटला. आमच्याकडे कापायचे कागदी फर्मे होते ते सगळे पुरुषांचे. पहिल्या बाईसाहेब आल्या, विशीबाविशीच्या असतील. उस्तादांनी त्यांचा शर्ट लई अदबीनं शिवला. इतक्या अदबीनं की छातीवरच्या दोन्ही खिशांवर टीप मारून ते बंदच करून टाकले. मला म्हणाले, "औरतजात है बेटा, सब के सामने सीने पे हाथ डालके कलम निकालेगी क्या?"

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब दारात. "उस्तादजी, मेरा पेन कहाँ जाएगा?"

"मेमसाब, पर्स में," उस्ताद जमिनीकडे बघत म्हणाले.

"परेड पे पर्स?"

उस्तादांनी मुकाट्यानं ब्लेड उचललं आणि खिसे उसवले. बाईसाहेब गेल्यावर मी पोट धरून हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं. माणूस आयुष्यभर एकच शर्ट शिवत आला होता, त्याला एका रात्रीत दुसरा कसा सुचावा? आणि माझी पाळी यायची होतीच की.

आता आमच्याकडची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. आमच्या भागात पुरुष दर्जी बाईच्या अंगाला टेप लावत नाही. बाई स्वतःचा नीट बसणारा एखादा जुना कपडा घेऊन येते, आम्ही त्यावरून माप काढतो. त्याला मापाचा कपडा म्हणतात. पुष्कळदा बाई येतच नाही, तिची सासू नाहीतर भावजय कपडा टाकून जाते. चाळीसेक वर्षं मी असंच शिवत आलो. कित्येक बायकांचे दंड, गळे, कमरा मला तोंडपाठ आहेत आणि त्या रस्त्यात समोर आल्या तर मी ओळखणार नाही. या रीतीत अदब आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. फक्त एक खोट आहे. कपडा असतो कालचा, बाई असते आजची.

रेणुका घाटाच्या वरल्या अंगाच्या वस्तीवरची. बाप ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. आई सुमनताई दुसऱ्याच्या रानात कामाला जायच्या आणि पोरीचे शाळेचे ड्रेस माझ्याकडेच टाकायच्या. पोरगी म्हणजे काडी. पण पळायची! मी फजरची नमाज पढून दुकानासमोर झाडू मारत असायचो. घाटात धुकं असायचं, रस्ता दिसायचा नाही. आधी पावलांचा आवाज यायचा, टप टप टप, मग धुक्यातून पोरगी निघायची, हात वर करायची, "सलाम चाचा!" आणि पुन्हा धुक्यात. कधीकधी मला शंका यायची, खरंच कुणी गेलं का मला पहाटेचं स्वप्न पडलं?

पोलिसात जाणार असेल असं मी धरून चाललो होतो. तर एक दिवस सुमनताई पेढे घेऊन आल्या. पोरगी फौजेत भरती झाली होती, मिलिटरी पोलीस. आता फौजेत मुलींना नुसती अफसर म्हणून नाही, शिपाई म्हणूनही घेतात, हे मला त्या पेढ्यासोबत कळलं. वस्तीवरची माणसं सुमनताईंना बोलली असणारच. "पोरीच्या जातीला बंदूक कशाला?" वगैरे. सुमनताईंनी काय उत्तर दिलं ठाऊक नाही. पेढे मात्र सगळ्या चौकाला वाटले, टायरवाल्यालासुद्धा, ज्याच्याशी त्यांचं भांडण होतं.

मग पोरगी लांब दक्षिणेला ट्रेनिंगला गेली. पहाट सुनी झाली. मी झाडू मारता मारता घाटाकडे बघायचो, आणि काहीच यायचं नाही, फक्त ट्रक.

ट्रेनिंग संपवून ती सुट्टीवर आली ते मला सुमनताईंकडूनच कळलं. दुपारी आल्या, हातात गाठोडं. "मास्तर, पोरगी आलीय. दोन दिवस झाले नुसती झोपायलीय. उठवू वाटंना बघा."

गाठोड्यात फौजेचा हिरवट शर्ट होता, सरकारी मापाचा. उचलून धरला तर त्यात दोन रेणुका बसतील.

"पोत्यागत हाय," सुमनताई म्हणाल्या. "तेवढा नीट करा. ही गेल्या गेल्या दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या परेडीसाठी पोरी निवडणार हायेत. आधी वर्दीच बघत्यात म्हणं. अंगावर बसली न्हाई तर चालून बी दाखवू देत न्हाईत. पोरगी झोपेत बी तेच बडबडायलीय. ट्रेनिंगमधी कंटाळून परत यायचं म्हणत व्हती एकदा, तर परेडीपायी ऱ्हायली."

"तिथं दर्जी असंल की."

"हाय, पर रांग लई. म्हणून म्हणलं तुमच्याकडं."

"बरं केलं," मी छाती फुगवून म्हणालो. "तिथल्या दर्जीला हात लावू देऊ नका. मी कशाला हाय मग?"

हे वाक्य अजून मला टोचतं. सुमनताईंनी गाठोड्यातून दुसरा कपडा काढला. निळा कुर्ता, दोन वर्षांपूर्वी मीच शिवलेला. मापाचा कपडा. मी एकदा म्हणालो हां, खोटं कशाला बोलू, "पोरीला एकदा पाठवा, अंगावर बघू." त्यावर त्या म्हणाल्या, "समोर पानटपरीवर पोरं बसत्यात, मास्तर. आन माप तर हाय की तुमच्याकडं." झालं, मला तेवढंच पाहिजे होतं. माझ्या हातचा कुर्ता, माझं माप, त्यात चूक कशी निघेल?

ती दुपार मी विसरणार नाही. बाहेर ऊन झोपल्यासारखं पडलं होतं, लांबून घाट चढणाऱ्या गाड्यांची घरघर येत होती. मी शर्ट उसवला, इस्त्री करून टेबलावर पसरला, वर निळा कुर्ता ठेवला आणि खडूनं रेघा ओढल्या. खांदा चौदा इंच. कात्री चालायला लागली आणि मी पार हरवलो. मला दिल्लीचा रस्ता दिसत होता, रुंद, धुतलेला. पोरी चालतायत, पावलं एकदम पडतायत, टप टप टप, आणि त्यात एक शर्ट माझा, पाठीवर एक सुरकुती नाही. एरवी मी आतल्या शिवणीत जादा कापड दुमडून ठेवतो, अंग वाढलं तर सोडता यावं म्हणून. पण इस्त्री केल्यावर त्या दुमडीची रेघ वर उमटते, आणि मला रेघ नको होती. मी सगळं जादा कापड कापून टाकलं. अगदी काठोकाठ. ते तुकडे चिंध्यांच्या पोत्यात गेले आणि पोतं दोन दिवसांनी गादीवाल्यानं नेलं.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या तीनच्या सुमारास, मायलेकी आल्या. रेणुका ढगळ जॅकेट घालून होती. केस बारीक कापलेले, चेहरा उन्हानं रापलेला, पण हसू तेच. "सलाम चाचा!" मी शर्ट तिच्या हातात दिला, नवरदेवाच्या बापाच्या तोऱ्यात. ती कोपऱ्यातल्या पडद्याआड गेली.

मग पडद्याआडून, हळूच, "चाचा, हात वर जाईना."

"बटणं नीट लाव, बाळ."

"बटणं लागलीत. हातच जाईना."

ती बाहेर आली. या अल्ला! खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यायची ती बोटभर आत, मानेकडे चढलेली. पाठ ताणून चकचकीत झालेली. तिनं सलामीला हात उचलला, तो छातीपर्यंत आला आणि अडकला. तिनं जोर केला. काखेतून टर्र असा आवाज आला. तो आवाज काय असतो ते दर्जीलाच कळतं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

शर्टात उभी होती ती कुर्त्यातली पोरगी नव्हतीच. खांदे भरलेले, दंड गोल, पाठ ढालीसारखी. "तिथं रोज दोरावर चढवत्यात, चाचा," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चिरकला. "तुमी मला बोलवायचं व्हतं ना! कावून न्हाई बोलवलं? आख्खे आठ दिवस मी घरीच व्हते! उद्या सकाळची गाडी हाय माझी. आता हे घालून जाऊ का मी परेडीला?"

चूक माझी होती, पुरती माझी. सुमनताईंवर ढकलावी असं क्षणभर मनात आलं, लाज वाटली.

पण सुमनताई आमच्या दोघांकडे बघतच नव्हत्या. त्या पोरीच्या खांद्यांकडे बघत होत्या. आठ दिवस पोरगी घरात होती, पण कधी गोधडीत, कधी त्या जॅकेटात. त्यांनी हात लावून पाहिला, गाईच्या पाठीवर फिरवतात तसा. "अगं बाई! कवा झालं गं हे?" आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "माझे बी असेच व्हते. पाट्या उचलून उचलून. कुणी मापलेच न्हाईत."

रेणुकाचं रडं तिथंच थांबलं. मी टेप उचलली. "ताई," मी म्हणालो, "हे अंगावर मापल्याबिगर व्हायचं न्हाई."

सुमनताईंनी रस्त्याकडे पाहिलं. पानटपरीवरची पोरं इकडंच बघत होती. त्या पडदा ओढायला गेल्या, तर रेणुका म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय. उजेडात घेऊ दे. बघू दे त्यास्नी बघायचं तर." आणि ती दुकानाच्या मधोमध सावधान उभी राहिली. टपरीवरच्या पोरांनी माना दुसरीकडे वळवल्या, कसं कोण जाणे. मग सुमनताईंनीच टेपचं टोक धरलं. त्यांनी पोरीच्या एका हाडावर टोक दाबलं, दुसऱ्या हाडापर्यंत टेप नेली, मी फक्त आकडा वाचला. पावणेसोळा. दंड, छाती, पाठ, सगळं तसंच. आई मापत होती, मी वाचत होतो. एवढ्या वर्षांत इतकी खरी मापं मी घेतली नव्हती.

माप तर मिळालं, कापड कुठं होतं? तोच रंग बाजारात मिळतो, पण प्रत्येक ताग्यात छटा वेगळी. दुकानात एका बोचक्यात चार जुने तुकडे होते, उन्हात धरून पाहिले, एकही जुळेना. तेव्हा मला शर्टाचा खालचा घेर दिसला. तो तर पँटीत खोचला जातो, तिथं कोण बघतं? मी घेर कापला. वीतभर पट्टा पुढून, वीतभर मागून. खांद्याला जोड दिला, आणि जोड बरोबर त्या खांद्यावरच्या पट्टीखाली लपवला, जिच्यावर बिल्ला लावतात. राहिला मुंढा. माझे आजोबा पैलवानांचे अंगरखे शिवायचे. काखेत ते एक चौकोनी तुकडा तिरपा बसवायचे, त्याला चौबगला म्हणतात. त्यानं हात कसाही फिरवा, कपडा ओढत नाही. वर्दीत चौबगला कुणी बसवत नाही. मी बसवला.

मायलेकी बाकावर बसून होत्या. नुसतं मशीन चाललं होतं, आणि उन्हाची पट्टी फरशीवरून हळूहळू सरकत दाराकडे गेली. दुपार कलतानाची अस्रची नमाज चुकली ती मी नंतर फेडली. दिवस मावळून मगरीबची अजान सुरू झाली तेव्हा शेवटची टीप पडली.

रेणुकानं शर्ट घातला. आरशासमोर उभी राहिली. हात उचलला. तो असा वर गेला, एका झटक्यात, बोटं भुवईला, आणि शर्ट जागचा हलला नाही. तिनं आरशातल्या स्वतःला सलाम ठोकला आणि तसाच धरून ठेवला. मी तोंड फिरवून इस्त्री शोधायला लागलो. इस्त्री समोरच होती.

"घेर आखूड झालाय," मी नंतर दटावलं. "वाकू नकोस. वाकलीस तर शर्ट बाहेर येईल आन माझं नाव जाईल."

"वाकत न्हाई चाचा," ती म्हणाली.

ती गेल्यानंतरचे दिवस मी कसे काढले मलाच माहीत. दुपारी डोळा लागला की तोच रुंद रस्ता दिसायचा, पोरी चालतायत, आणि एकीचा शर्ट मागून सुटलाय, झेंड्यासारखा फडफडतोय, सगळी दिल्ली हसतेय. दचकून उठायचो. चहावाला म्हणायचा, "मास्तर, काय बडबडायलाव?"

पाचव्या दिवशी सुमनताई धापा टाकत आल्या, फोन कानाला. माझ्या हातात दिला. पलीकडून रेणुका सांगत होती की तपासायला एक मॅडम होत्या, कडक. त्यांनी एकेकीला दोन्ही हात वर करायला लावले. कितीकींच्या शर्टांचे खांदे कानापर्यंत आले. तिचा हलला नाही. मॅडमनी पट्टीखाली अंगठा घातला आणि त्यांच्या बोटाला जोड लागला. "संपलं म्हणलं चाचा, आता घरी. त्यांनी काखंत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आन म्हणाल्या, दर्जी कौन है? मी म्हणलं, आमच्या घाटावरचे चाचा. त्या म्हणाल्या, आगे चलो."

"मग?"

"मग चालले की. घेतलं मला."

मी सुमनताईंकडे बघितलं, त्यांना आधीच ठाऊक होतं, त्या पदरानं तोंड पुसत होत्या. रेणुका मात्र खट्याळ, हसत पुढं म्हणाली, "एक सांगू का? रागावू नका. परेडीला सगळ्यांस्नी नव्या वर्द्या मिळणार हायेत. एकसारख्या. तुमचा शर्ट ड्युटीला घालते मी." घ्या! म्हणजे माझा शर्ट दिल्लीच्या रस्त्यावर चालणारच नाही. थोडं वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण चौबगला ड्युटीवर आहे, हेही काही कमी नाही.

आठवड्याभरानं सुमनताई पुन्हा आल्या. एकट्याच. ब्लाऊजपीस घेऊन, जांभळं, काठाचं. नवऱ्यानं दिल्लीची तिकिटं काढली होती, दोघं परेड बघायला जाणार होते. पोरीनंतर वस्तीवरून इतक्या लांब जाणाऱ्या त्या पहिल्याच बाई असतील.

"मापाचा ब्लाऊज?" मी सवयीनं हात पुढं केला.

"न्हाई आणला," त्या म्हणाल्या. "लग्नातल्या मापावर शिवतेय मी आजवर. जाचतंय. टेप लावा."

दार सताड उघडं होतं. पानटपरीवर पोरं होती. सुमनताई दुकानाच्या मधोमध उभ्या राहिल्या, टेपचं टोक स्वतःच्या हातानं खांद्याच्या हाडावर धरलं. मी दुसऱ्या टोकाला आकडा वाचला. सव्वापंधरा.

"पोरीपेक्षा किती कमी?"

"अर्धा इंच."

"येवढाच व्हय?" सुमनताई म्हणाल्या, आणि टेप न सोडता आणखी ताठ उभ्या राहिल्या. "मग नीट बघा मास्तर. पुन्यांदा मापा."